खाली फ्लॅश

१२ मे १९७९

बपेऱ्याचं लग्न – देवाजीच्या पोरीचं, वच्छलाचं. बारा-बारा फोटोंचे दोन रोल नेले होते. एक तर वरमाईच्या बहिणींनीच संपवला! जेवणावळीपर्यंत कॅमेरा रिकामा. मग नेहमीचं – खाली फ्लॅश, रोल नसताना नुसताच उजेड. लोक उभे राहतात, उजेड पडतो, खूश होऊन जातात. टेकचंदभाऊंनी धंदा शिकवला तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, 'कोणाले नाही म्हणू नोको, उजेड मार.'

निघता निघता वच्छलानं आजीला ओढत आणलं. बायजाबाई, सत्तरीच्या पुढची. पोरीची आई गेल्यावर हिनंच तिला वाढवलं. जन्मात फोटो काढलेला नाही. "फोटो काढला का आयुष्य घटते, बाप्पा." वच्छला म्हणाली, भिलाईले सासरी गेल्यावर तुह्या तोंडाकडं पाहायचं तं कसं पाहू? आणि रडायला लागली. म्हातारी बसली. मी उजेड मारला.

सायकलनं परत तुमसर. पाठ मोडली.

२० मे

दुकानात बसवत नाही. कोणी बोलावलं नसताना पवनीला गेलो. नदीवर चार फोटो काढले – कोणासाठी, काय माहीत. एका जागी बसलं की पायाला मुंग्या येतात. कुठेही पोहोचलो की परत निघावंसं वाटतं.

२ जून

देवाजी फोटो न्यायला आला. एकेक पाहिला, पुन्हा पहिल्यापासून पाहिला. "माय कोठी आहे?"

रोलमध्ये उजेड शिरला म्हणालो. किती सहज आलं तोंडात!

तो बसूनच राहिला. लग्नापासून म्हातारी खाटेवर आहे म्हणे. फोटो निघाला, माझे दिवस भरले, एवढंच बोलते. फोटो खराब झाला असं सांगितलं तर? मी विचारलं. तो म्हणाला, "कागद खराब झाला तरी जीव तं वढून झाला ना. माय तसंच म्हणन."

तो गेल्यावर दुकान बंद केलं. स्टेशनपर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

१७ जून

बपेऱ्याला जाऊन आलो, भरलेला कॅमेरा घेऊन. वाटलं, खरा फोटो काढून आणू, निदान वच्छलाला तरी मिळेल.

बायजाबाई अर्धी झाली आहे. दोन्ही शेळ्या देऊन टाकल्या, पितळेची भांडी पुतणीला. भाताची थाळी उशाशी तशीच, वर माश्या. पुन्हा एक काढतो म्हणालो, तर माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. "आता कायले? काय उरलं काढाले?" माझे स्वतःचे चाळीस फोटो निघालेत, मी जिवंत आहे, असं सांगून पाहिलं. "तू जवान आहेस. तुह्याजवळ लय आहे."

खरं तोंडाशी आलं होतं. पण अंगणात शेजारच्या चार बाया. हे बाहेर पडलं तर मोहाडीपर्यंतची सगळी लग्नं गेली! जो तो विचारेल, आमच्या घरचे किती खाली मारले?

म्हणजे मी धंदा सांभाळला आणि म्हातारीला मरायला सोडलं.

१८ जून

जेवण गेलं नाही.

२६ जून

सांगितलं.

बाया होत्याच, त्यांच्यासमोरच. आई, कॅमेऱ्यात रोल नव्हता. मी नुसता उजेड मारला. तुमच्यातून काही निघालं नाही.

म्हातारी कोपरावर जोर देऊन उठून बसली. "मंग मी दीड महिना फुकटचीच मरून राहिली होती?"

एक बाई हसली, बाकीच्या नाही. देवाजीनं माझी सायकल उचलून रस्त्यावर नेऊन ठेवली. फाटकाशी ऐकू आलं, म्हातारी धाकट्या सुनेला ओरडत होती – भात आण, आणि त्या शेळ्या कोणी नेल्या त्याला बोलाव. रस्ताभर मला हसू येत होतं.

९ जुलै

आंधळगावचे सेवकराम येऊन गेले. तीन वर्षांपूर्वीच्या लग्नात त्यांच्या बहिणीचा फोटो 'खराब' झाला होता. सरळ विचारलं. हो म्हणालो. बहीण आता नाही.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. टोपी घालून निघून गेले. या आठवड्यातले ते तिसरे.

२२ जुलै

दुपारी बायजाबाई दुकानात. एकटी! एस.टी.नं, नातीच्या लग्नातलं लुगडं नेसून. खुर्चीवर बसली. "काढ. पण आंधी डब्बा उघडून दाखव."

आत बाजाराचे सात फोटो होते. उघडला की उजेड लागून ते गेले. पण हे सांगितलं असतं तर तिला पुन्हा बहाणाच वाटला असता. उघडला. मग तिच्यासमोर नवा रोल भरला. तिनं बोट लावून पाहिलं.

"आता भेव नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. म्हणून तं खाली नोको मारू. पोट्टीसाठी माहे दिवस देऊन राहिली, वाया नोको जावं."

मी फोकस पुन्हा एकदा तपासला. मग बटण दाबलं.