प्रिंटर बंद – चूक माझी नाही!

२४ ऑक्टोबर १९८८, मोहोपाडा

आज परत! साडेनऊला प्रिंटरची जोडणी तुटली. कारखान्यात सहा खात्यांना सहा टर्मिनल, छापणारा एकच प्रिंटर, आणि बोलणी खायला एकटी मी, कॉम्प्युटरची ऑपरेटर. गेटपास छापले नाहीत म्हणून टेंपो फाटकाशी अडकले. स्टोअरचा पदू दारातूनच ओरडला, "काय गं मैना, झोपली का तुझी मशीन?" झोपली नाय, रुसलीय – ये, तूच समजूत घाल तिची!

दसऱ्यापर्यंत कसं सुरळीत होतं. दसऱ्याला दाराशी मोठ्ठी रांगोळी काढली, मशीनची पूजा केली, साहेब म्हणाले, "वा मैना!" आता तेच साहेब माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. एकतीसला माझे सहा महिने भरतात. कायम करतील, नाहीतर परत गावी, चौकला, घरी बसायचं.

२५ ऑक्टोबर

मुंबईचा इंजिनियर आला. चहा प्यायला, बिस्किटं खाल्ली, पाच मिनिटांत निकाल! "गर्दीच्या वेळी सगळे एकदम छापायला देतात. ऑपरेटरला आवरत नाही." मशीनला हात लावला नाही मेल्याने! वर म्हणतो, गावातल्या मुली घेतल्या की असंच व्हायचं.

 खरं कारण शोधूनच दाखवते!

२६ ऑक्टोबर

तुटलं की वेळ लिहायची. ९.३५. २.१०.

२७ ऑक्टोबर

आठ वाजता, खोलीत चिटपाखरू नसताना, सहाही खात्यांना फोन केले – द्या एकदम! सगळं धडाधड छापून आलं. मग साडेनऊला, कागद न्यायला माणसं जमली तेव्हा, पदूचा एकच गेटपास दिला. तुटलं! म्हणजे छपाईची गर्दी नव्हे, माणसांची. कुठे गेला तो बिस्किटवाला?

२८ ऑक्टोबर

सापडलं!! आमच्या खोलीत धूळ चालत नाही, म्हणून सगळे दाराशी बूट काढतात. प्लँटवाल्यांचे ते जड बूट – एकेक धोंडा! बुटांचा लोखंडी रॅक भरला की त्याचा पाय काथ्याच्या पायपुसण्यात रुततो. आणि पायपुसण्याखालून जाते प्रिंटरची केबल! बूट उचलले की जोडणी परत येते. साहेबांसमोर तीनदा ठेवून, उचलून दाखवलं. पदूने टाळ्या वाजवल्या.

चूक माझी नाही. नाही म्हणजे नाही!

२९ ऑक्टोबर

साहेबांनी विचारलं, रॅक तिथे सरकवला कोणी? आमचे शिपाई गोमामामा मान खाली घालून म्हणाले, "मीच, सायेब." रोजंदारीचा माणूस. सोमवारपासून येऊ नकोस, झालं! मलाही रागच आला. त्यांच्यापायी मी आठवडाभर किती ऐकून घेतलं!

३० ऑक्टोबर

मामांच्या घरी गेले. का सरकवलात, म्हणून भांडले. ते हसले. "पोरी, इसरलीस का गं? रांगोळीला जागा पायजे म्हनून दसऱ्याला तूच सरकवलास. तुजी नोकरी लागायची हाय. माजं काय, जातंय निभावून."

३१ ऑक्टोबर

साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला – रॅक मी सरकवला, गोमामामांना परत घ्या. खाली पूर्ण नाव, सही. प्रिंटरवरच छापला. एका दमात आला!