डोळे कोणावर गेले

बाबा,

मागच्या आठवड्यात अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. सोबत तुमचा लाडका पोरगा होता. डोळ्यांत थेंब घातले की दोन-तीन तास धड दिसत नाही, म्हणून मी अमरावतीहून बडनेऱ्याला आले आणि तिथून तो माझ्याबरोबर गाडीत चढला. चढला तो हातात जिलबीचा पुडा घेऊन. शुगर मला आहे, त्यालाही आहे, आणि दोघांना ती पाठोपाठच निघाली. फरक एवढाच की मी साखरेचा डबा वरच्या फळीवर टाकला आणि त्यानं तो जवळ ओढला. मी रोज सकाळी चालायला जाते, ज्वारीची भाकर नि पालेभाजी खाते, गोळी चुकवत नाही. हा लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याचा हात धरून गुलाबजाम घेतो आणि वर मलाच ऐकवतो, "अवं ताई, मेल्यावर का कोनी आणून देते?" त्या दिवशीही बोरगाव मागे पडेपर्यंत पुडा संपला होता. मी खिडकीबाहेर बघत बसले, आणि खरं सांगते, त्याच्या बोटांवरचा पाक बघून माझा जीव जळत होता.

तुम्हाला माहीत आहे, माझं पोट डोळ्यांवर आहे. ब्लाउज शिवण्यात माझी उमर गेली. गेल्या दिवाळीपासून काळ्या कापडावर काळी टीप दिसेना. सुई मशीनवर बसणाऱ्या पोरीकडून ओवून घ्यावी लागते. डाव्या डोळ्यापुढे एक काजळीचा धागा तरंगतो, तो काही केल्या पुसला जात नाही. डॉक्टरांनी डोळ्याच्या आतला पडदा तपासला आणि म्हणाले, आत रक्त उतरलंय, लेझर लागेल. उजव्या डोळ्यातही सुरुवात झालीय. तो बाजूला मोबाइल बघत बसला होता. डॉक्टर म्हणाले, "तुम्हालाही शुगर आहे ना? या, बघून टाकू." थेंब न घालता मशीनवरच बघितलं. त्याचे दोन्ही पडदे लख्ख. आणि रिपोर्टात त्याची शुगर माझ्याहून कितीतरी वर! माझ्या डोळ्याचं वाईट मला नंतर वाटलं, बाबा. आधी त्याच्या डोळ्यांचा राग आला.

मी डॉक्टरांशी भांडलेच म्हणा ना. म्हटलं, हा कुठला न्याय? ते शांतपणे म्हणाले, "शुगर किती वर्षं आहे, किती राहते, ब्लडप्रेशर कसं आहे, हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण सारखीच शुगर असून एकाचा पडदा टिकतो नि दुसऱ्याचा लवकर बिघडतो. त्यातला काही भाग आईवडिलांकडून येतो. एकच एक गोष्ट नाही, बारीकसारीक पुष्कळ असतात, आणि सख्ख्या भावंडांतही ती वाटणी सारखी होत नाही. तुमच्या घरी कोणाचे डोळे शुगरनं गेले होते का?" मी म्हटलं, वडिलांचे. "मग ते तुमच्या वाट्याला आलेलं दिसतं. पथ्य पाळलंत म्हणून इतकी वर्षं निभावलं." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही हसू नका. अशीच शुगर राहिली तर तुमचाही नंबर लागेल." पण तो हसत नव्हताच.

वाटणी म्हटल्यावर मला बडनेरा स्टेशनचा पूल आठवला. तुमची ड्यूटी नसली की संध्याकाळी तुम्ही आम्हा दोघांना पुलावर नेत होता. इंजिनमध्ये ड्रायव्हरनं सिग्नलचा रंग मोठ्यानं म्हणायचा आणि असिस्टंटनं तो तसाच परत म्हणायचा, हा तुमच्या कामाचा नियम; तोच तुम्ही आमच्याशी खेळायचा. लांबचा पिवळा दिवा मला आधी दिसायचा. मी ओरडते, "पिवया!" तुम्ही गप्प. मग हा डोळे बारीक करून, माझंच ऐकून म्हणतो, "पिवया!" आणि तुम्ही सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं म्हणता, "पिवया!" येणाऱ्याजाणाऱ्याला सांगता, "माह्या पोराचे डोये माह्यावर गेले." एकदा मी पाय आपटून म्हटलं, आधी मी म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "तू काहून मंधात बोलून राहिली? तुले काय इंजिन हाकाचं हाये?" त्या पुलावर तुम्ही माझा एकही रंग परत म्हटला नाही.

पुढे रेल्वेच्या मेडिकलमध्ये तुमचेच डोळे नापास झाले. तुम्हाला इंजिनवरून उतरवून ऑफिसात बसवलं, तेव्हा इंजिनवरचा काळा गॉगल तुम्ही त्याला दिलात. मला म्हणालात, "तू काय करशीन त्याचं?" नंतर सगळंच अंधारलं. मी दर रविवारी येत होते, तुमची नखं काढत होते, चहात साखर नाही म्हणून तुमच्या शिव्या खात होते. पण दार वाजलं की तुम्ही मान वर करून विचारायचा, "पोट्टा आला काय?" आईलाही शुगर होती, आणि ती शेवटपर्यंत स्वतःची सुई स्वतः ओवत होती. तुमच्या पोराचे डोळे तिच्यावर गेले, बाबा. रूप तेवढं तुमचं घेतलं त्यानं.

दवाखान्यातून निघालो तर ऊन डोळ्यांत घुसायला लागलं. त्यानं खिशातून तुमचा गॉगल काढून माझ्या नाकावर चढवला. थेंब घालणार हे माहीत होतं म्हणून घरूनच आणला होता. एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, मंग बाबाचं माह्याकडे कायच नाई आलं काय?" पन्नाशीला टेकलेला, गरगरीत पोटाचा, लख्ख डोळ्यांचा माणूस, आणि तोंड असं की जणू पंगतीत त्याच्या पानाशी येऊन बुंदी संपली. मी म्हटलं, "वेडा हायेस का? हे काय मागून घ्याची गोष्ट हाये?" बडनेरा आलं तशी मी गॉगल काढायच्या आधीच त्यानं हात पुढे केला. म्हणाला, "तेवढा तरी राहू दे माह्याजोळ." मी दिला. डोळे मिटून रिक्षात बसले.

लेझर पुढच्या सोमवारी आहे. डॉक्टर म्हणतात, वेळेत आलात, आहे ती नजर राखता येईल. धागा ओवता येईल का, हे मात्र ते बोलत नाहीत. मी हे मोठ्या अक्षरांत लिहितेय, ओळी खालीवर होताहेत. पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. आणि तुम्ही असता तरी हे तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते काम तुम्ही त्यालाच सांगितलं असतं.

एवढंच त्याला कळू नये. डॉक्टर म्हणाले, हे वडिलांचं तुमच्या वाट्याला आलंय, तेव्हा रक्त उतरलेला डोळा घेऊन मी त्या खुर्चीत बसले होते, आणि मला आनंद झाला होता.