खुंटीवरची शाल

अगं ऐकलंस का,

काल फिल्म क्लबात जाऊन तुझा तो इराणी सिनेमा पाहिला. माझा पहिलाच. एरवी तू पाहून यायचीस आणि शर्टांना काजं करता करता सांगायचीस, मी शिलाई मशीन थांबवून ऐकायचो. त्यामुळे भाषा कळली नाही तरी काही अडलं नाही. नवऱ्याशी बोलणं संपलेली ती बाई, निळं दार, खुंटीवर राहिलेली तिची शाल, सगळं तू सांगितलंस तसंच होतं. मग ती वळणावर दिसेनाशी झाली आणि दिवे लागले.

दारावरचा माणूस म्हणाला, "काका, संपला सिनेमा."

मी म्हटलं, "थांबा हो, ती शाल न्यायला परत यायची आहे."

तो गालातल्या गालात हसला.

म्हणजे शेवट तू पदरचा घातलास. मला वाईट वाटू नये म्हणून ना? आणि मी खुळा त्याच भरवशावर. लेकीकडे जाते म्हणून गेलीस ती गेलीसच, पण तुझी कात्री इथे राहिली, म्हणून मी निर्धास्त होतो.

आज कात्रीला धार लावून ठेवली. हे पत्र मात्र टाकणार नाही. टाकलं तर तू ती पार्सलने मागवशील.

तुझा,
मशीन थांबवून ऐकणारा