चार दिशांना शून्य

प्रिय शंकेखोर,

वर्कशॉपमधल्या लेथवाल्या काकांनी तुला ठेवलेलं हे नाव आज मीही वापरतेय, रागावू नकोस. समोर बसवून बोलले असते, पण तू लगेच म्हणाली असतीस, "मॅडम, अजून एकदा मोजते." दोन महिने हेच ऐकतेय. म्हणून हा कागद.

तू प्रयोगशाळेत आलीस त्या दिवशी मी तुला माझा लाडका विषय सांगितला होता. एरवी एकमेकांना दूर लोटणारे इलेक्ट्रॉन कडाक्याच्या थंडीत जोडीने चालू लागतात आणि वीज विनाअडथळा वाहते. आपल्या त्या अणूभर जाडीच्या थरात ही जोडी सगळ्या दिशांना सारखीच घट्ट असते, असं मी अठ्ठाविसाव्या वर्षी छातीठोकपणे छापलं. त्या एका शोधनिबंधावर नोकरी मिळाली, मान मिळाला, दारावर पाटी लागली. तू सगळं ऐकून एवढंच विचारलंस, "पण मॅडम, नमुना फिरवून पाहिला होता?" नव्हता. नमुना धरून ठेवणारा तेव्हाचा होल्डर फिरायचाच नाही. एका कोनातून दिसलं ते मी सगळ्या दिशांच्या नावावर खपवलं, आणि अठरा वर्षांत कुणी हटकलं नाही. तुला "बघू" म्हणाले आणि घरी जाऊन भांडी आपटली. नवऱ्याने विचारलं, कोण बोललं? म्हटलं, एक कालची पोर.

मग त्या पोरीने काकांच्या मागे लागून फिरता होल्डर करून घेतला. पहिला थंडीत आकसून अडकला. दुसऱ्याने तारा तोडल्या. तिसरा फिरला तेव्हा तू एकटीच टाळ्या वाजवत होतीस. मी दाराशी उभी होते. आत येऊन पाठीवर हात ठेवावासा वाटला होता, पण कौतुक करायची वेळ आली की माझी जीभ जड होते.

काल काका चहाला आले. म्हणाले, "पोरीचं उत्तर केव्हाच आलंय. तुमच्या मनाला लागेल म्हणून माझ्या होल्डरवर खापर फोडतेय. फुकट माझं नाव खराब!" ते गेल्यावर मी तुझे आलेख उघडले. नऊ वेळा मोजलंस, आणि नऊही वेळा चार दिशांना जोडीची ताकद शून्यावर येते. माझं चुकलं होतं. दुखलं, खोटं कशाला बोलू. पण पुन्हा पाहिलं आणि खुर्चीत बसवेना. इतकं देखणं मोजमाप माझ्या हातून कधी झालं नाही.

शेजारीच तुझ्या शोधनिबंधाचा मसुदा होता. माझं नाव पहिलं, आणि आत लिहिलंयस, 'पूर्वीच्या निष्कर्षात किंचित सुधारणा'. किंचित? अगं, मुळासकट उपटलंयस की!

पत्र लिहायचं कारण तेच. मसुद्यातून मी माझं नाव खोडलंय आणि 'किंचित' खोडलंय. बाकी एका स्वल्पविरामालाही हात लावलेला नाही. आज संध्याकाळपर्यंत तो छापायला पाठवून दे. पुढच्या महिन्यातल्या परिषदेचं पहिलं भाषण माझ्याकडे होतं. माझ्या जागी तू बोलशील, असं मी सकाळीच कळवून टाकलंय. मी पुढच्याच रांगेत असेन. या निकालाने चूक कोण ठरलं, असं कुणी विचारलं, तर कचरू नकोस, सरळ बोट दाखव. मी हात वर करीन. चांगला उंच.

तुझीच,
मॅडम