पाचवं प्रकरण

ग्लासगो, ४ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप मुरलीधरकाकांना निवेदिताचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं सुहासिनीकाकू स्वतःच्या सोयीने सांगते, म्हणून हे पत्र. शिवाय ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

माझे गाइड प्रोफेसर हॅलम यांचं पुस्तक आलं. जर्मन आणि ऑस्ट्रियन सैन्यातल्या यांत्रिक पायदळावर, म्हणजे माझ्याच विषयावर. लाँचच्या दिवशी एका हातात वाइनचा ग्लास धरून मी पाचवं प्रकरण उघडलं, तर माझंच वाक्य समोर. मग पुढचं. मग सगळं प्रकरण, माझ्या थीसिसमधलं.

तुम्ही स्वतः आपल्या सैन्यात अशाच पायदळात नोकरी केलीत, तुम्हाला काय सांगू? १९४२ मध्ये जर्मनांनी रणगाड्यांबरोबर जाणाऱ्या शिपायांना ‘पँझरग्रेनेडियर’ असं भारदस्त नाव दिलं, पण बहुतेक जण साध्या ट्रकमधूनच लढाईला जात. चिलखती गाड्या थोड्यांनाच मिळाल्या. युद्धानंतर गाड्या सुधारल्या आणि वाद सुरू झाला, शिपायाने आत बसून लढायचं की खाली उतरून. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. आत बसलेल्या माणसाला काय वाटतं, ते फारसं कुणी विचारलं नव्हतं. ते विचारायला मी ऑस्ट्रियात लिंझला गेले, लाइटनर आजोबांकडे. अडुसष्ट साली रशियन रणगाडे शेजारच्या चेकोस्लोव्हाकियात शिरले तेव्हा हे ऑस्ट्रियन सैन्यात पँझरग्रेनेडियर होते. गाडीच्या पोटात बसवून त्यांना सीमेकडे नेलं. कुठे, कशाला, कुणी सांगितलं नाही. ते एवढं सविस्तर आधी कुणापाशीच बोलले नव्हते. माझ्यापाशी बोलले, आणि बोलता बोलता रडले.

हॅलमने छापलंय, ‘लाइटनर यांनी प्रस्तुत लेखकास सांगितले.’ आभारात त्याच्या कुत्र्याचं नाव आहे. माझं नाही.

यतीन म्हणतो, थीसिसवर त्याची सही व्हायचीय, आपला व्हिसा आहे, बायको, सोडून दे. डिपार्टमेंटमधले मूव्ह ऑन म्हणतात. काका, मला मूव्ह ऑन व्हायचं नाहीये. मला तो भर सभेत उघडा पडलेला बघायचाय.

काकूला नमस्कार. तुम्ही तरी मला शांत हो म्हणू नका.

तुमची,
निवेदिता


पिनर, लंडन, ११ फेब्रुवारी २०२४

चि. निवेदितास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. आमचे चिरंजीव मिहीर ऑफिसला गेल्यावर पुन्हा मोठ्याने वाचलं. सुहासिनीने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि त्या माणसाला जे शब्द वापरले, ते कर्नलच्या बायकोने उच्चारू नयेत असे होते.

शांत हो म्हणणार नाही. मी शांत राहिलो होतो. राजस्थानात आमची बटालियन असताना, शिपायांनी शत्रूपासून किती अंतरावर गाडीतून उतरावं यावर मी दोन उन्हाळे प्रयोग केले. ते माझ्या वरिष्ठाच्या नावाने छापून आले. पुढे तो जनरल झाला. माझ्या निरोपसमारंभात त्याने मला खांद्यावर थोपटलं आणि मी हसलो. ते हसू माझ्या तोंडावरून अजून पुसलं गेलेलं नाही, पोरी. त्याच्या निधनाची बातमी आली त्या दिवशी मला दुःख झालं ते एवढंच, की आता तो हाताबाहेर गेला.

तेव्हा ऐक. आधी कायद्याने तक्रार कर, म्हणजे उद्या कुणी बोट ठेवायला नको. पण तिच्यावर विसंबू नकोस. लांबून गोळीबार करून जमीन ताब्यात येत नाही. कुणाला तरी खाली उतरून, पायी, समोर जावं लागतं. सगळे बघत असतील अशी जागा शोध.

यतीनला सांग, काकांनी भडकवलं. माझी हरकत नाही.

हिला विचारून तिखटाचा डबा पाठवतो आहे. तिकडच्या थंडीत जपून राहा. लोभ आहेच, रागही असाच जागता ठेव.

तुझा काका,
मुरलीधर


ग्लासगो, १९ मे २०२४

तीर्थरूप काकांना सा. नमस्कार.

तिखट पोचलं. निम्मं यतीनने संपवलं आणि आता तोही माझ्या बाजूने आहे. दोन्ही गोष्टींचा संबंध असावा.

तक्रारीचा निकाल लागला. युनिव्हर्सिटीची कमिटी म्हणते, गाइड आणि विद्यार्थिनी एकत्र काम करतात तिथे विचार कुणाचा हे सांगणं कठीण असतं. मुलाखतीच्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज आहे म्हटलं, तर उत्तर आलं की प्रोफेसर स्वतंत्रपणेही भेटले असतील. हॅलम मला कॉरिडॉरमध्ये भेटला, हसला, आणि महत्त्वाकांक्षा चांगली असते असं म्हणाला. मला ते हसणारे दात पाडावेसे वाटले.

जूनमध्ये इथे मोठी कॉन्फरन्स आहे. बर्लिन, व्हिएन्ना, झुरिकहून लोक येतायत, आणि मुख्य भाषण त्याचं आहे, पाचव्या प्रकरणावर. तुम्ही म्हणालात ती जागा सापडली.

मी लिंझला फोन केला. लाइटनर आजोबांची नात हाना सगळी टेक्नॉलॉजी बघते. कॉन्फरन्समध्ये तुमच्याविषयी बोलणार आहेत, व्हिडिओवरून या, असं मी आजोबांना म्हटलं. ते खूश झाले, कोट इस्त्रीला टाकतो म्हणाले. बाकीचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घाबरले असते, असं मला वाटलं. आयोजकांनाही फक्त एवढंच कळवलंय की एक जुना सैनिक प्रश्नोत्तरांत बोलेल. ते तर खूपच एक्सायटेड आहेत.

तुमचा गुडघा बरा असता तर तुम्हाला पहिल्या रांगेत बसवलं असतं. आशीर्वाद द्या. यावेळी चांगलं व्हावं असा नको, नेम चुकू नये असा द्या.

निवेदिता


ग्लासगो, १७ जून २०२४

तीर्थरूप काकांना सा. नमस्कार.

झालं.

त्याचं भाषण सुंदर झालं. होणारच, मी लिहिलेलं होतं. टाळ्या झाल्या. मग मी उठले आणि विचारलं, की सर, लाइटनर यांना तुम्ही कुठे भेटलात? तो जरासुद्धा चाचरला नाही. म्हणाला, त्यांच्या घरी, लिंझला. स्वयंपाकघरात बसून आम्ही दुपारभर बोललो, अविस्मरणीय माणूस. मी म्हटलं, मग त्यांना भेटून तुम्हाला आनंदच होईल.

पडद्यावर आजोबा आले. इस्त्रीचा कोट, टाय. अध्यक्षबाईंनी जर्मनमध्ये त्यांना विचारलं, की हे प्रोफेसर हॅलम, ओळखता ना? आजोबा पुढे वाकले, चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, नाही. या गृहस्थांना मी कधी पाहिलेलं नाही. माझ्याकडे ती भारतातली मुलगी आली होती. ती तिथे आहे का? तिला नमस्कार सांगा.

हॉलमध्ये बहुतेकांना जर्मन येतं, काका. भाषांतराची वाट बघावी लागली नाही. मागून कुणीतरी एकदाच हसलं. अध्यक्षबाईंनी इंग्लिशमध्ये विचारलं, की प्रोफेसर, आपण काही बोलणार? त्याने पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला, आणि बाजूच्या दाराने निघून गेला. ते दार स्टोअररूमचं होतं. त्याला परत बाहेर यावं लागलं, सगळ्यांच्या देखत.

प्रकाशकाने पुस्तकाची विक्री थांबवली आहे. युनिव्हर्सिटी नव्याने चौकशी करतेय, मला दुसरी गाइड देतायत. सूड घेतल्यावर पोकळ वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. मी घरी आले, वरणभात खाल्ला आणि गाढ झोपले.

पण दुसऱ्या दिवशी हानाचा फोन आला. तिने आजोबांना सगळं समजावून सांगितलं होतं. ते रागावले नाहीत. मग म्हणाले, की सैन्यातही मला असंच गाडीत घालून नेलं होतं आणि दार उघडल्यावर कळलं होतं कुठे आलोय ते. त्या मुलीला मी हे सांगितलं होतं. तिने विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

काका, काय करू?

निवेदिता


पिनर, २२ जून २०२४

चि. निवेदितास आशीर्वाद.

ते स्टोअररूमचं दार मी सुहासिनीला चार वेळा वाचून दाखवलं. आमच्या सुनेच्या, आश्लेषाच्या, आईवडिलांनाही सांगितलं, ते जेवायला आले होते. हॅलमबद्दल एक कणभरही वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाटत नाही.

पण शिपायाला सांगितल्याशिवाय पुढे काढायचं नसतं. माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्याने हे केलं असतं तर मी त्याला उभा आडवा सोलला असता. तुला सोलत नाही, कारण तुला आधीच कळलंय. फोन करू नकोस, ईमेल तर नाहीच. तू जा.

सुहासिनी म्हणते, रिकाम्या हाताने जाऊ नये. बेसनाचे लाडू पाठवते आहे, वाटेत खाऊन टाकू नकोस.

काका


लिंझ, ६ जुलै २०२४

तीर्थरूप काकांना सा. नमस्कार.

त्यांच्या स्वयंपाकघरातूनच लिहितेय. हाना बाजारात गेलीय, आजोबा बाल्कनीत टोमॅटोंना पाणी घालतायत.

दार त्यांनीच उघडलं. आत ये म्हणाले नाहीत. मी पाठ करून आणलेली जर्मन वाक्यं तिथेच जिन्यात म्हटली, अर्धी चुकली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, माझं नाव आणि माझं बोलणं आता कुणाच्याच पुस्तकात नको. त्याच्या नको, तुझ्याही नको.

मी हो म्हटलं. काका, माझ्या थीसिसमधलं ते प्रकरण त्यांच्या बोलण्यावरच उभं होतं. ते काढलं की मागे ट्रक आणि चिलखती गाड्यांचे आकडे उरतात, जे कुणीही लिहील. पण मी लॅपटॉप काढला, त्यांच्यासमोर बसून सगळं खोडलं आणि नव्या गाइडला तसं कळवलं. त्यांनी एकेक पान सरकताना पाहिलं. थांब म्हणाले नाहीत. म्हणतील असं मला शेवटच्या पानापर्यंत वाटत होतं.

मग त्यांनी कॉफी केली. काकूचा लाडू फोडून अर्धा माझ्यापुढे ठेवला. आणि एकदम खुर्ची जवळ ओढून म्हणाले, की पडद्यावरून मला नीट दिसलं नाही. मी नाही म्हटलं तेव्हा त्या माणसाचा चेहरा कसा झाला? पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस.

मी सांगितलं. स्टोअररूमच्या दाराशी आले तेव्हा ते टेबलावर हात आपटून हसले, आणि म्हणाले, थांब, ते दार पुन्हा सांग.

तुमची,
निवेदिता