शिमगा सापडला

रत्नागिरी, शुक्रवार

ती. ताईस,
रितेशचा नमस्कार. मी खुशाल आहे, वेळेवर जेवतो, आणि आज तर जग जिंकलंय!

वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांवर काम करणारी मनस्विनी तुला ठाऊक आहेच. आपल्या गावच्या पालखीवर 'शके १८६०, शिमगा' असं कोरलंय ना, त्या सोहळ्याची बातमी तिला प्रबंधासाठी हवी होती. शकात ७८ मिळवून १९३८चे गठ्ठे उलटून उलटून ती रडकुंडीला आली. मी तावातावाने म्हटलं, "नाही शोधून दिली, तर तोंड दाखवणार नाही!"

आज डोक्यात उजेड पडला. शिमगा शकाच्या अगदी शेवटी येतो, तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं! १९३९चा गठ्ठा उघडला आणि बातमी दिसताच असा ओरडलो की ग्रंथपाल धावत आले.
"अरे, इथे वाचतात!"
"वाचतोच आहे, काका!"

मनस्विनी खूप हसली. मग म्हणाली, "अर्धं सोडलेलं कॉलेज कधी पुरं करणार?"

ताई, हेच बाबांनी विचारलं तेव्हा मी ताट लोटून घराबाहेर पडलो होतो. आज म्हटलं, "जूनपासून."

आईचा गुडघा कसा आहे? बाबांना जूनचं सांग. कोणी विचारलं म्हणून ठरवलं, ते मीच येऊन सांगेन.

तुझा, आज जमिनीवर पाय नसलेला,
रितेश