रोवण्याची सुई

ब्रह्मपुरी,
१२ ऑक्टोबर

प्रिय प्रफुल्ल,

'प्रिय' लिहिताना हात थांबला नाही. बोटं आखडलीत, लिहायला वेळ लागतो, पण तुझ्यासाठी वेळच वेळ आहे. दोन वर्षं माहेरी बसून आहे मी. रोशननं टाकलेली, 'तसला रोग' झालेली बाई म्हणून. ते नाव मला तुझ्यामुळे पडलं आणि ते तुझ्याच तोंडून पुसून घेतल्याशिवाय मी मरायचीसुद्धा नाही.

आपलं लग्न ठरलं होतं तेव्हा तू ब्रह्मपुरीच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतास. मग तुझ्या आईला नीलिमा पसंत पडली आणि तू मान खाली घातलीस. नशीब बघ, मी सून होऊन आले ती तुझ्याच गावात. त्याचाही राग मी धरला नाही. उलट तू गावात परत येऊन सुया टोचायला लागलास, तेव्हा बायांना मीच सांगत फिरले की प्रफुल्लच्या हाताला गुण आहे. किती मूर्ख होते मी!

धानाचा रोवणा संपायच्या दिवशी आम्ही अकरा जणी कंबर धरून शेताच्या धुऱ्यावर बसायचो आणि तू फटफटीवर यायचास. सिरिंज एक, सुई एक. थर्मासातलं गरम पाणी मी धरायचे, तू सुई विसळायचास. मानाप्रमाणे आधी आशाबाई, सगळ्यात वडील म्हणून, मग बाकीच्या वयानं. पाणी धरणारी मी शेवटची. आशाबाईला जुन्या ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं होतं. त्यातून तिच्या अंगात काय आलं होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. आम्ही तिला मान देत गेलो आणि तिचं दुखणं ओळीनं घेत गेलो.

पुढच्या वर्षी माझे गुडघे, मनगटं, बोटं धरली. सकाळी भाकरी थापता येईना. डोळे कधी पिवळे झाले नाहीत, म्हणून काविळीचा कुणाला संशयही आला नाही. तू म्हणालास वात आहे, आणि दर आठवड्याला आणखी एक सुई. सासूबाई म्हणायच्या, "रोवण्याच्याच टायमाले काऊन दुखते वं तुले? नाटकं करून राह्यली." मी चिखलात रडत रडत धानाचे पऱ्हे लावले आहेत, प्रफुल्ल. तू ते धुऱ्यावरून पाहिलं आहेस.

मग सावली गावातल्या आरोग्य शिबिरात रक्त तपासलं, चंद्रपूरला पाठवलं, आणि कागद आला: हिपॅटायटिस सी, रक्तातून पसरणारी कावीळ. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हे सांधे, हे स्नायू त्या विषाणूनंही दुखतात, आणि पहिलाच प्रश्न विचारला तो सुईचा. पण रोशन आधी तुझ्याकडे आला. गावचा डॉक्टर ना तू! असा रोग कसा होतो, त्यानं विचारलं. तुझ्याकडे खरं उत्तर होतं. तू जमिनीकडे पाहून म्हणालास, "असले रोग बाईले कसे होते, ते मी कोन्या तोंडानं सांगू, भाऊ?" दुसऱ्या दिवशी माझी पेटी अंगणात होती.

गोळ्यांनी माझा विषाणू गेला. दुखणं थोडं राहिलंय, राग सगळा राहिलाय. तो मी वाया घालवला नाही. आशाबाईचा हात धरून तिला चंद्रपूरला नेलं, मग एकेकीला. अकरापैकी आठ जणींना तोच रोग निघाला. आता आठ नवरे कुणाच्या चारित्र्याबद्दल बोलणार? सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज गेला आहे. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तुझा विषय आहे.

हे तुला कळलंच असतं, त्यासाठी पत्र नको होतं. लिहिते ते वेगळ्या कारणानं. मागच्या महिन्यात ब्रह्मपुरीच्या स्टँडवर नीलिमा भेटली. म्हणाली, "सकाऊन ह्यायच्या मुठी वळत नाई, गुडघे धरते. सोताच सोताले सुई टोचून घेते." कुठल्या सुईनं ते मी विचारलं नाही. मला आनंद झाला, खोटं का बोलू? महिनाभर तो आनंद मी पुरवून पुरवून खाल्ला. हा तोच रोग असेल, हे तुला सांगणार नव्हते. तूही मला सांगितलं नव्हतंस.

मग सभा डोळ्यांपुढे आली. तू काठी टेकत येशील, कण्हत बसशील. आपल्या बाया मऊ काळजाच्या. आशाबाईच उठून तुला चटई टाकेल आणि म्हणेल, "जाऊ द्या वं, तोई दुखण्यातच हाये." ते मला चालणार नाही. म्हणून उद्याच चंद्रपूरला जा, रक्त तपासून घे, नीलिमाचंही तपास. रोग निघाला तर माझ्यासारख्याच चौऱ्याऐंशी दिवसांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आठवड्याभरात सुरू केल्या तर सभेआधी संपतात, मी दिवस मोजले आहेत. एक दिवसही चुकवू नकोस. बरा हो. मला तू धडधाकट हवा आहेस, कारण आठ जणींसमोर आणि रोशनसमोर ललिताला रोग कुठून आला ते तुला सांगायचं आहे, आणि दुखतंय म्हणून बसून सांगायची मुभा मी तुला देणार नाही.

त्या दिवसापर्यंत तरी तुझीच,
ललिता